संदर्भ कोणाचा आणि केव्हाचा? आत्मकथनातील सूचक उल्लेखांविषयी

निवृत्तीनंतर आत्मकथन लिहायला घेतलेल्या एका लेखिकेचा हा प्रश्न आहे. तिच्या मजकुरात महाभारतातील प्रसंग, संतांच्या ओळी आणि शाळेत पाठ केलेल्या कविता यांचे उल्लेख ओघाने येत राहतात. कच्चा खर्डा वाचून मुलीने तिला विचारले, "आई, हे सगळं तुला तेव्हाच सुचत होतं का?" तेव्हापासून लेखिका अडखळली आहे. हे उल्लेख काढून टाकावेत का, ठेवायचे असतील तर ते न ओळखणाऱ्या वाचकासाठी तळटीपा द्याव्यात का, आणि एका कवितेच्या अर्ध्या ओळीवरून पुस्तकाला नाव देणे योग्य ठरेल का, असे तिने विचारले आहे.

गेली २५ वर्षे मी आत्मकथनांच्या हस्तलिखितांवर संपादक म्हणून काम करते आहे. इतक्या वर्षांत संदर्भांविषयी मला जे काही समजले, त्याचा गाभा आपल्या मुलीच्या त्या एका वाक्यात आहे. तिने आपल्याला विद्वत्ता मिरवल्याचा दोष दिलेला नाही. हा संदर्भ तेव्हाच्या मुलीच्या मनात आला होता की आज टेबलापाशी बसलेल्या आईला तो सुचतो आहे, एवढेच तिने विचारले आहे. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक संदर्भाबाबत वेगळे मिळेल आणि संदर्भ ठेवायचा की काढायचा, ठेवायचा तर वाक्यात कुठे ठेवायचा, हे त्या उत्तरावरच ठरेल.

सूचक संदर्भ म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगते, कारण उद्धरण, दाखला आणि संदर्भ यांची पुष्कळदा गल्लत होते. उद्धरणात दुसऱ्याचे शब्द दुसऱ्याचे म्हणूनच येतात. दाखल्यात कथा सांगितली जाते आणि तिचे तात्पर्य आपल्या विषयाला लावून दाखवले जाते. सूचक संदर्भात लेखक केवळ दिशा दाखवतो. कधी एखादे नाव येते, कधी ओळखीच्या ओळीची नुसती लय येते, तर कधी शब्दही येत नाहीत आणि प्रसंगाच्या मांडणीतूनच जुना प्रसंग मागे उभा राहतो. उरलेले काम वाचक स्वतः करतो आणि ते त्याने केलेले असल्यामुळेच त्याचा परिणाम खोल असतो.

कादंबरीत हे करणारा निवेदक काल्पनिक असतो, त्यामुळे त्याला सगळे माफ असते. आत्मकथनाची गोष्ट वेगळी आहे. फिलिप लज्यून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये 'आत्मचरित्रात्मक करार' ही कल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि जिची कथा सांगितली जाते ती व्यक्ती या तिघांचे नाव एकच असल्याचे आश्वासन पुस्तक वाचकाला देते आणि वाचक त्या आश्वासनावर विसंबून वाचतो, असा त्या कल्पनेचा सारांश. नाव एक असले तरी आत माणसे दोन असतात, एक जगलेली आणि एक लिहिणारी. त्यांच्यामध्ये ४०-५० वर्षांचे अंतर असते, वाचनाचे अंतर असते, शहाणपणाचे अंतर असते. म्हणून आत्मकथनातल्या प्रत्येक संदर्भाला एक मालक असतो आणि एक तारीख असते. मालक बदलला किंवा तारीख चुकली की वाक्य खोटे वाटू लागते. नेमके काय खटकले हे वाचकाला सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास मात्र थोडा उणा होतो.

तेव्हाच्या 'मी'च्या मालकीचा संदर्भ कसा काम करतो, याचे उत्तम उदाहरण महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे. ती १९२५ ते १९२९ या काळात 'नवजीवन' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. वडिलांनी विकत आणलेले श्रवणाच्या पितृभक्तीवरचे नाटक लहानग्या मोहनदासने वाचले, आंधळ्या आईवडिलांना कावडीतून नेणाऱ्या श्रवणाचे चित्र पाहिले आणि आपणही श्रवणासारखे व्हावे असे त्याला वाटले, हे पहिल्या भागाच्या दुसऱ्याच प्रकरणात येते. तिथे ती बालपणीची एक आठवण आहे, त्यापेक्षा अधिक काही नाही. पुढे नवव्या प्रकरणात वडिलांचा मृत्यू येतो. मुलगा त्यांचे पाय चेपत बसलेला असतो, काका त्याला मोकळे करतात, तो पत्नीच्या खोलीत जातो आणि काही मिनिटांतच नोकर दार ठोठावतो. मधल्या सहा प्रकरणांत श्रवण वाचकाच्या मनात मुरलेला असतो. त्या दारावरच्या थापेबरोबर कावड घेतलेला तो मुलगा वाचकाला आपोआप आठवतो आणि लेखकाची लाज वाचकाला आतून कळते. संदर्भ आधी जगण्यात होता, म्हणून तो पुस्तकात इतके वजन पेलू शकला.

दोन्ही 'मी' एकाच संदर्भाचे मालक असल्याचे उदाहरण त्याहून कितीतरी जुने आहे. संत ऑगस्टीनने इ. स. ४०० च्या आसपास लिहिलेल्या 'कन्फेशन्स'च्या पहिल्या भागात शाळेतल्या एका वाचनाची कबुली आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यातली राणी डायडो आपल्याला सोडून समुद्रमार्गे निघून गेलेल्या इनिअससाठी प्राण देते. तिच्यासाठी आपण रडलो आणि स्वतःच्या आत्म्याच्या अवस्थेसाठी मात्र रडलो नाही, अशी ती कबुली आहे. पाचव्या भागात तो स्वतः कार्थेजहून रोमला निघतो. आई मोनिका त्याला बिलगते, सोडत नाही. तो तिच्याशी खोटे बोलतो, रात्री गुपचूप जहाजावर चढतो, आणि सकाळी ती किनाऱ्यावर आक्रोश करीत मागे राहते. डायडोची नगरीही कार्थेजच आणि इनिअसचे गंतव्यही इटलीच. पण या प्रसंगात ऑगस्टीन त्या दोघांपैकी कोणाचेही नाव घेत नाही. त्याने ते घेतले असते तर वाचकाने मान डोलावून पुढचे पान उलटले असते. नाव न घेतल्यामुळे शाळकरी मुलाचे ते अश्रू आणि तरुणाची ही फसवणूक आपण स्वतः शेजारी ठेवून पाहतो. परक्या स्त्रीसाठी रडलेला मुलगा स्वतःच्या आईला रडत ठेवून निघून गेला, हे त्याने कुठेही लिहिलेले नाही आणि तरीही ते त्याच्या पुस्तकात आहे. हा प्रसंग मी दरवर्षी एकदा तरी पुन्हा वाचते.

आता आपल्यासारख्या लेखनातले एक उदाहरण जवळून पाहू. तपशील बदलून सांगते. एका हस्तलिखितात वाक्य होते: "भावाने माझ्या नावावरचे घर मला न विचारता गहाण टाकल्याचे कळले, तेव्हा माझी अवस्था द्यूतसभेतल्या द्रौपदीसारखी झाली." या वाक्यात चूक काहीच नाही, पण त्यातून वाचकाला नवे काही मिळतही नाही. 'द्रौपदीसारखी अवस्था' म्हणजे अपमान आणि असहायता, एवढा ठरीव अर्थ वाचक घेतो आणि लेखिकेची स्वतःची अवस्था त्या ठरीव अर्थाखाली झाकली जाते. मी तिला विचारले की सभापर्वातला नेमका कोणता क्षण आपल्या मनात आहे? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तिने विचारलेला प्रश्न." सभेत नेण्यासाठी आलेल्या प्रातिकामीला द्रौपदी परत पाठवते आणि युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवले की मला, हे विचारायला सांगते. तो विलाप नाही. तो काटेकोर, कायद्याचा प्रश्न आहे आणि भीष्मासारखा माणूसही धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून त्याचे उत्तर टाळतो. लेखिकेनेही त्या दिवशी घरात नेमका असाच प्रश्न विचारला होता, हे तिला बोलता बोलता आठवले. पुढच्या खर्ड्यात तो परिच्छेद असा झाला: "आधी स्वतःचा हिस्सा गहाण टाकलास की माझा, एवढेच मी विचारले. खोलीत चार मोठी माणसे होती. सगळे जमिनीकडे पाहत राहिले. काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, हे प्रकरण दिसते तितके सोपे नाही."

द्रौपदीचे नाव गेले, पण सभा आली, प्रश्न आला, खाली घातलेल्या माना आल्या आणि भीष्माचे उत्तर काकांच्या तोंडून आले. ज्या वाचकाला सभापर्व आठवेल त्याच्या अंगावर काटा येईल. ज्याला आठवणार नाही, त्यालाही एका घरातला एक खरा प्रसंग पूर्णपणे मिळेल.

या परिच्छेदातील 'चार' हा आकडा महत्त्वाचा आहे. मधल्या एका खर्ड्यात लेखिकेने 'पाच' लिहिले होते. मी विचारल्यावर तिने मोजून पाहिले आणि खोलीत चारच माणसे होती हे तिच्या लक्षात आले. पाचवा माणूस पांडवांच्या संख्येमुळे आत शिरला होता. तिने खोटे लिहायचे ठरवले नव्हते. संदर्भ असाच स्मृतीला आपल्याकडे ओढतो आणि वास्तवाचे कोपरे घासून त्याला जुन्या कथेच्या साच्यात बसवू पाहतो. आत्मकथन लिहिणाऱ्याने संदर्भाची सर्वात जास्त धास्ती याच कारणासाठी बाळगावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्वत्ताप्रदर्शनाचा दोष वाचक क्षमा करतो आणि संपादक दुरुस्त करतो, परंतु सरकलेला तपशील कोणाच्याच लक्षात येत नाही आणि पुढे लेखकाला स्वतःलाही तोच खरा वाटू लागतो. म्हणून संदर्भाशी न जुळणारे जे काही असेल, ते मुद्दाम शोधून लिहावे. माणसे चार असतील तर चार लिहावीत, भाऊ प्रेमळ असेल तर तेही लिहावे. कथा आणि आयुष्य जिथे जुळत नाही, त्याच जागी ते आयुष्य आपले असते.

असाच दुसरा धोका इतरांना भूमिका वाटून देण्याचा आहे. आईला कैकेयी म्हटले की एका शब्दात निकाल लागतो, आणि ज्या व्यक्तीविषयी तो लागला तिला उत्तर देण्याची संधी पुस्तकात नसते. स्वतःला कर्ण म्हणवून घेणाऱ्या आत्मकथनांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांत कर्णाने द्यूतसभेत काय केले याचा विसर पडलेला असतो. भूमिका घ्यायचीच असेल तर ती सबंध घ्यावी, तिच्या दोषांसकट.

आजच्या 'मी'च्या मालकीचे संदर्भ वर्ज्य आहेत, असा याचा अर्थ अजिबात नाही. जे तेव्हा कळले नव्हते ते आज एखाद्या कथेच्या प्रकाशात कळत असेल, तर तेही अनुभवाचेच सत्य आहे. फक्त ते आजचे आहे हे वाक्याच्या घडणीतून दिसले पाहिजे. ॲलिसन बेक्डेल या अमेरिकन लेखिकेच्या 'फन होम' (२००६) या चित्ररूप आत्मकथनात वडील-मुलीचे नाते इकॅरस हा मुलगा आणि डेडलस हा त्याचा बाप यांच्या ग्रीक कथेतून उलगडते, आणि त्या कथेत पडतो तो मुलगा, इथे मात्र कोसळतो तो बाप. पुस्तकभर साहित्यकृतींचे असे संदर्भ आहेत. आपले आईवडील आपल्याला कथा-कादंबऱ्यांच्या भाषेतच अधिक खरे वाटतात, अशा अर्थाची कबुली लेखिका त्याच पुस्तकात देते, त्यामुळे संदर्भांमुळे पडणारे अंतर हाच तिच्या घराविषयीचा एक पुरावा होतो. आपल्याकडे एवढे उघड करण्याची गरज नसते. 'आज वाटते', 'पुढे कितीतरी वर्षांनी ते पर्व वाचताना' अशी दोन-चार पदे पुरतात. नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडी प्रौढ वाचकाचा संदर्भ घालू नये, एवढेच सांभाळावे. याच न्यायाने, तेव्हा मनात सिनेमाचे गाणे वाजत होते तर तेच लिहावे. आज ते हलके वाटते म्हणून त्या जागी संस्कृत श्लोक आणून बसवणे ही तारखेची अफरातफर आहे.

ज्यांना जुन्या ग्रंथांपासून दूर ठेवले गेले, त्यांच्या हातात संदर्भाचे काम आणखी वेगळे होते. फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्ये आपल्या गुलामगिरीची हकिकत लिहिली. तो ज्या समाजात वाढला तिथे गुलामाला अक्षरओळख करून देणेही निषिद्ध मानले जात असे. पळून जाण्याच्या बेताविषयी लिहिताना तो 'हॅम्लेट'मधल्या, अनोळखी संकटांकडे जाण्यापेक्षा ओळखीची सोसलेली बरी, या विचाराचे शब्द वापरतो. लगेच पुढे म्हणतो की स्वातंत्र्य किंवा मरण असा निर्धार करणाऱ्या, अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पॅट्रिक हेन्रीपेक्षाही आमचे धाडस मोठे होते, कारण आमच्या बाबतीत स्वातंत्र्य अनिश्चित होते आणि अपयश आले तर मरण जवळपास निश्चित. गोऱ्या अमेरिकन वाचकाला पूज्य असलेली दोन वचने तो त्याच्यासमोर ठेवतो आणि त्यांचा खरा हक्कदार कोण, हे विचारतो. मराठीत एकलव्य आणि शंबूक यांची नावे दलित साहित्यात अशाच रीतीने परत आली. तिथे संदर्भ देणे हा आदर नसतो, ती जबाब मागण्याची रीत असते. उलट 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांची नावेच पाहावीत. ती कोणत्याही काव्यपंक्तीचा आधार घेत नाहीत. समाजाने दिलेला शब्द उचलून ती वाचकासमोर ठेवतात. संदर्भ नाकारण्यातही केवढी ताकद असते, हे मला त्या तीन नावांनी शिकवले, म्हणून ज्या प्रकरणांत आपल्याला एकही संदर्भ सुचला नसेल तिथे तो शोधायला जाऊ नका.

तळटीपांविषयी माझे उत्तर नकाराचे आहे. आनंदवर्धन या संस्कृत काव्यशास्त्रकाराने नवव्या शतकात 'ध्वन्यालोक' लिहिला, त्यात एक फार उपयोगी दृष्टांत आहे. ज्याला प्रकाश हवा असतो तो दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, कारण ज्योत हे प्रकाशाचे साधन आहे. तसेच ज्याला व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ, हवा त्याने वाच्यार्थाची, म्हणजे शब्दांच्या सरळ अर्थाची, काळजी घ्यावी. सूचक संदर्भाबाबत यापेक्षा व्यवहार्य सल्ला मला माहीत नाही. वाक्याचा सरळ अर्थ स्वतःच्या पायावर उभा असेल तर संदर्भ न ओळखणाऱ्या वाचकाचे काहीच अडत नाही. त्याला एक खोली कमी दिसते, पण घर दिसते. वाक्य तळटीपेशिवाय कळतच नसेल तर दोष वाचकाच्या वाचनाचा नसतो, ज्योतीकडे दुर्लक्ष झालेले असते. एखादे नाव फारच अपरिचित असल्यास वाक्यातच दोन शब्दांची ओळख द्यावी, जसे वर मी प्रातिकामीबाबत 'सभेत नेण्यासाठी आलेल्या' एवढेच म्हटले. मुलीला खर्डा पुन्हा वाचायला द्याल तेव्हा ती कुठे अडते ते पाहा, तिने किती संदर्भ ओळखले ते मोजू नका.

घरातल्या घरात चालणारे संदर्भ, म्हणजे आजीची एखादी म्हणण्याची लकब किंवा भावंडांमधला खुणेचा शब्द, यांना हाच नियम लागू आहे. फरक इतकाच की त्यांचा मूळ प्रसंग वाचकाला आपणच आधी कुठेतरी दाखवलेला असला पाहिजे. तिसऱ्या प्रकरणात तो नीट दाखवला तर तेराव्या प्रकरणात नुसता शब्द पुरतो.

आता नावाचा प्रश्न. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. 'आहे मनोहर तरी गमते उदास' या वसंततिलका वृत्तातल्या ओळीचा तो पहिला भाग आहे. ओळीत १४ अक्षरे आहेत. नावात आठ आली आणि 'गमते उदास' ही सहा मागे राहिली. 'तरी'पाशी नाव थांबते आणि ओळ ठाऊक असलेला वाचक उरलेले मनातल्या मनात पूर्ण करतो. ओळ ठाऊक नसलेल्यालाही त्या 'तरी'त काहीतरी अडकलेले जाणवते, कारण मराठीत 'तरी'वर वाक्य संपत नाही. माया अँजेलू यांच्या १९६९ च्या आत्मकथनाचे नाव पॉल लॉरेन्स डनबार या कवीच्या पिंजऱ्यातल्या पाखराविषयीच्या ओळीवरून आले आहे. तिथे ओळ तोडलेली नाही, पण पाखरू का गाते हे आपल्याला ठाऊक आहे असे म्हणून लेखिका आधीच्या कवीच्या पिढीशी स्वतःला जोडून घेते.

आपण निवडलेली अर्धी ओळ एका कागदावर लिहा आणि तिच्या खाली, नावात न आलेला उरलेला भाग लिहा. मग आपल्या हस्तलिखिताचे शेवटचे प्रकरण वाचा. तो उरलेला भाग त्या प्रकरणात घडत असेल, किंवा ते प्रकरण त्याला स्वच्छ नकार देत असेल, तर नाव ठेवा. ओळीचा खालचा अर्धा भाग आणि आपले प्रकरण यांचा एकमेकांशी काहीच संबंध दिसला नाही, तर ती ओळ आपल्याला केवळ आवडलेली आहे असे समजा, तिला पुस्तकाच्या आत जिथे ती पहिल्यांदा ऐकली त्या वर्षाच्या पानावर जागा द्या, आणि पुस्तकासाठी दुसरे नाव शोधा.